हाफकिन आणि रक्ताची साक्ष

परळास के. ई. एम., वाडिया आणि टाटा ह्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या सान्निध्यात एक जुनी प्रशस्त वास्तू उभी आहे. तिला हाफकिन संस्था म्हणतात. लालबाग-परळच्या आबालवृद्धांच्या तोंडी हे नाव इतके बसले आहे की, ते कोणा हाडामांसाच्या माणसाचे होते ह्याची आठवणही पुष्कळांस राहिलेली नाही. पोलिओचे थेंब आणि सर्पविषावरील औषध ह्यांच्याशी ते नाव जोडले गेले, आणि ज्या मनुष्याने ह्याच शहरात स्वतःच्या शरीरात प्लेगची लस टोचून घेऊन आपल्या रक्ताची साक्ष काढली, तो मनुष्य मात्र मागे पडला. विद्यार्थिमित्रहो, त्याचे चरित्र थोडक्यात निवेदन करावे असा ह्या लेखाचा हेतू आहे.

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्रावरील ओडेसा ह्या बंदरी एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा त्या काळी रशियन साम्राज्यात मोडत असे. तेथील विद्यापीठात प्राणिशास्त्राचा अभ्यास करीत असता त्यांस एलाय मेचनिकॉफ यांच्यासारखा गुरू लाभला. त्या काळी रशियात ज्यू लोकांवर वारंवार हल्ले होत. अशा एका दंगलीत आपल्या जातभाईंचे रक्षण करावयास हाफकिन हे इतर तरुणांसमवेत पुढे सरसावले, जखमी झाले आणि वर तुरुंगातही गेले. मेचनिकॉफ यांनी शब्द टाकल्यामुळे त्यांची सुटका झाली. पुढे बुद्धीच्या बळावर अध्यापकाची जागा त्यांस सहज मिळाली असती. परंतु तीसाठी स्वधर्म सोडून रशियन ख्रिस्ती पंथाचा स्वीकार करणे आवश्यक होते. हाफकिन यांनी जागेवर पाणी सोडले व ते ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात साध्या हुद्द्यावर राहिले. धर्म हा अंतःकरणाचा विषय आहे, तो वेतनाच्या मोबदल्यात बदलावयाचा नसतो, ही गोष्ट मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या आपणांस निराळी सांगावयास नको.

गुरूविषयी दोन शब्द येथेच लिहिले पाहिजेत, कारण शिष्याचे सारे आयुष्य त्यांच्या एका कल्पनेवर उभे आहे. १८८२ साली मेचनिकॉफ इटलीतील मेसिना येथे समुद्रातील तारामाशाच्या पारदर्शक पिलांचे निरीक्षण करीत होते. मुलांच्या नाताळच्या झाडासाठी आणलेल्या रोपाचे काही काटे त्यांनी त्या पिलांच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहतात तो त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! शत्रू आत शिरताच त्यास घेरून गिळणारे शिपाई शरीरात सदैव पहाऱ्यावर असतात, हा सिद्धान्त ह्या साध्या प्रयोगातून निघाला. ह्या शिपायांस आपण भक्षकपेशी म्हणू. ह्याच शोधाबद्दल मेचनिकॉफ यांस १९०८ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

१८८८ साली हाफकिन यांनी रशिया सोडला. जिनीव्हा येथे काही काळ अध्यापन करून १८८९ साली ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे मेचनिकॉफ होतेच. पण रिकामी जागा होती ती ग्रंथपालाची. हाफकिन यांनी तीही पत्करली. पुस्तकांची व्यवस्था ठेवावी आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसावे, असा त्यांचा क्रम असे. युरोपात तेव्हा पटकीचा कहर चालला होता. तिजवर त्यांनी लस सिद्ध केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. मागाहून त्यांच्या काही रशियन मित्रांनीही टोचून घेतले.

पटकीचे माहेर हिंदुस्थानात, म्हणून १८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्यास आले. दोन-अडीच वर्षांत त्यांनी उत्तर हिंदुस्थानात हिंडून सुमारे ४२,००० लोकांस लस टोचली. लोकांचा विश्वास बसणे कठीण होते, आणि सरकारी वैद्यकखात्यातील अधिकाऱ्यांचाही बसत नव्हता. कारण हाफकिन हे वैद्यकाची पदवी घेतलेले डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यातून रशियन आणि ज्यू! तथापि कलकत्त्याच्या एका वस्तीत घडलेला प्रकार फार बोलका आहे. तेथील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले होते. पुढे तेथे पटकी शिरली ती न टोचलेल्यांमध्येच. टोचलेले आणि न टोचलेले एकाच वस्तीत, एकाच पाण्यावर राहत असताना दोहोंची तुलना करावयाची, ही हाफकिन यांची खरी पद्धत होय. नुसती लस करणारे पुष्कळ झाले; लशीचा गुण असा मोजून पाहणारे त्या काळी थोडे होते. हिवतापाने प्रकृती ढासळल्यामुळे १८९५ साली ते युरोपास परतले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा आले.

इतक्यात मुंबईवर प्लेगचे संकट कोसळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गोव्याचे सुपुत्र डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग प्रथम ओळखला. धोबीतलावावर मेट्रो चित्रपटगृहासमोर ज्यांचा पुतळा आहे तेच हे गृहस्थ. रोग्यांस रुग्णालयात नेण्याच्या धास्तीने लोक त्यांस लपवून ठेवीत. ऑक्टोबरात गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लाखो माणसे कोकणात व घाटावर पळाली आणि गिरण्या ओस पडल्या. पुण्यात सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी ह्याच रोगाने अंत झाला, आणि प्लेगबंदोबस्ताच्या जुलमाने चिडून २२ जून रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. अशा भयाच्या व संशयाच्या वातावरणात सरकारने हाफकिन यांस मुंबईस पाचारण केले.

त्यांस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एक खोली व बाहेरची पडवी मिळाली. मदतीस एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. ती कशी केली, हे गृहिणींनीही वाचण्यासारखे आहे. मांसरसाने भरलेल्या मोठ्या चंबूत ते वर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. प्लेगचे जंतू ह्या थेंबांच्या खालच्या अंगास धरून वाढतात आणि गुहेच्या छतास चुन्याचे लोलक लोंबावेत तसे रसात लोंबू लागतात. चंबू हलवला की ते तळाशी पडतात आणि वर नवे लोंबू लागतात. हा मांसरस बोकडाच्या मांसाचा असे, म्हणजे हिंदू-मुसलमान कोणाच्याच भावना दुखावू नयेत. काही आठवड्यांनी ते सर्व द्रव्य सुमारे ६५ अंश सेंटिग्रेडवर तासभर तापवून जंतू मारावयाचे व त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालावयाचे, की लस झाली. आपल्या स्वयंपाकघरातील तूप जगातील एका भयंकर रोगाच्या पारिपत्यास असे कामी आले!

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ह्या लशीचे १० घन सेंटिमीटर स्वतःच्या अंगात टोचवून घेतले. पुढे लोकांस दिल्या गेलेल्या मात्रेपेक्षा ही मात्रा कितीतरी मोठी होती. त्यांस सणकून ताप भरला व टोचल्या जागी असह्य ठणका लागला. तरीही ते घाबरले नाहीत. किंबहुना त्यांनी ह्या तापासच साक्षीस घेतले. ताप आला, अर्थी शरीराने शत्रूची वर्दी घेतली, असा त्यांचा तर्क होता, आणि पुढेही टोचणीनंतर चढणारा ताप हे लशीच्या जोराचे एक माप म्हणून ते वापरीत.

हा तर्क किती योग्य होता, हे कळावयास जगास अर्धे शतक व त्याहून अधिक काळ लागला. आज आपणांस ठाऊक आहे की, असा ताप जंतूंच्या अंगच्या उष्णतेने येत नाही. मेलेला का होईना, जंतू भक्षकपेशीच्या हाती लागला की ती पेशी काही सूक्ष्म प्रथिने रक्तात सोडते. ही प्रथिने म्हणजे शरीराच्या संरक्षणखात्याचे दूत होत. त्यांच्या निरोपावरून मेंदूतील उष्णतेचे नियमन करणारे केंद्र ताप चढविते आणि हाडांतील मज्जा नव्या पेशींची भरती करू लागते. १९५७ साली ह्यांपैकी इंटरफेरॉन नावाचा दूत सापडला. १९७४ पासून ह्या साऱ्या वर्गास सायटोकाइन असे नाव पडले. आणि त्यांतील इंटरल्यूकिन ह्या घराण्यास तर एक, दोन, तीन असे क्रमांकच लावावे लागले, इतके दूत निघाले.

ह्यांतील सहाव्या क्रमांकाचा दूत प्रामुख्याने यकृताकडे जातो. यकृत म्हणजे शरीराची मुदपाकखाना आणि कोठार दोन्ही. पण हा निरोप पोहोचताच ते आपला नित्याचा उद्योग थोडा बाजूस सारते व युद्धास उपयोगी अशी प्रथिने बनवू लागते. तापाच्या रोग्याच्या रक्तात डॉक्टर ज्याचे मोजमाप घेतात ते सीआरपी नावाचे प्रथिन यकृतात ह्याच निरोपावरून तयार होते. मात्र यकृत हे निरोप घेणारे केवळ चाकर नव्हे. ते स्वतः एक नाकेही आहे. आतड्यांतून निघालेले रक्त आधी यकृतातून जाते आणि मग शरीरभर खेळते. त्या वाटेवर भक्षकपेशींची फार मोठी छावणी पडलेली असते. १८७६ साली कुप्फर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने ह्या पेशींचे प्रथम वर्णन केले, म्हणून त्यांस त्याचे नाव आहे. म्हणजे मेचनिकॉफ यांनी तारामाशात पाहिलेल्या शिपायांचे सर्वांत मोठे ठाणे आपल्या उजव्या बरगड्यांखाली आहे.

दारूने, कावीळ आणणाऱ्या विषाणूंनी किंवा अंगी साठलेल्या चरबीने यकृत वर्षानुवर्षे झिजत गेले, म्हणजे हे नाके ढासळते. आतड्यांतील जंतू व त्यांचे अवशेष रक्तात निसटू लागतात, जिकडेतिकडे धोक्याची वर्दी जाते आणि दूतांचा रक्तात सुळसुळाट होतो. यकृत एकाएकी निकामी होऊ लागलेल्या रोग्यांच्या रक्तात सहाव्या व आठव्या क्रमांकाच्या इंटरल्यूकिनांचे प्रमाण फार वाढलेले आढळते. आणि एकामागून एक जितकी अधिक इंद्रिये थकतात, तितके ते बहुधा अधिक असते. रक्षणासाठी निघालेले सैन्यच मग आपल्या मुलखाची धूळधाण करू लागते. म्हणून ह्या दूतांच्या मोजमापावरून रोग्याची गती आगाऊ ओळखता यावी, असा शास्त्रज्ञांचा प्रयत्न चालू आहे. परंतु येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. फुप्फुसाच्या विकारात किंवा एखाद्या चिघळलेल्या जखमेतही हेच दूत वाढतात. एकट्या आकड्यावरून यकृताचा निवाडा करता येत नाही. काविळीचे पित्तद्रव्य किती, रक्त गोठण्यास वेळ किती लागतो, रोगी शुद्धीवर आहे की नाही, हे सारे त्याच्या जोडीस पाहावे लागते. एका खुणेवर विसंबून निकाल दिला की अनर्थ होतो. हाफकिन यांच्या आयुष्यात असाच अनर्थ घडला. तिकडे वळण्यापूर्वी मधला वृत्तान्त आटोपू.

स्वतःवरील प्रयोगानंतर जानेवारीअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता तेथील कैद्यांस, ज्यांची इच्छा होती त्यांसच, लस टोचण्यात आली. न टोचलेल्यांपैकी १२ जणांस प्लेग झाला व ६ दगावले. दीडशेच्या आसपास टोचलेल्यांपैकी दोघेच आजारी पडले आणि दोघेही बरे झाले. १८९८ साली बडोदे संस्थानातील उंढेरा गावी त्यांनी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांस टोचले व निम्म्यांस तसेच ठेवले. न टोचलेले २६ मेले, टोचलेले ३. लस ह्या निम्म्यांसच का, त्या निम्म्यांस का नाही, हा प्रश्न आज वाचताना मनास बोचल्याशिवाय राहत नाही. परंतु लशीवर कोणाचाच विश्वास नसता असा पुरावा दुसऱ्या कोणत्या मार्गाने मिळाला असता, हेही सांगणे कठीण आहे. पुढे सरकारी प्लेग कमिशनने लशीच्या मोजमापात कच्चेपणा असल्याचा ठपका ठेवला. तथापि तिच्या योगे रोग व मृत्यू दोन्ही घटतात हे मान्य केले. तापमापकाखेरीज दुसरे साधन नसलेल्या मनुष्याकडून ह्याहून सूक्ष्म मोजमापाची अपेक्षा करणे अन्यायाचे होय, असे आम्हांस वाटते.

लोकांच्या मनातील भीती घालविण्याच्या कामी तरुण आगाखान यांचे साहाय्य मोलाचे ठरले. त्यांनी आपल्या अनुयायांदेखत स्वतः लस टोचून घेतली आणि मग खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले. माझगावातील आपली खुश्रू लॉज ही वास्तूही त्यांनी प्रयोगशाळेसाठी दिली. तीही अपुरी पडू लागली, तेव्हा १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधनशाळेचे उद्घाटन झाले. ह्या वाड्याचा इतिहास चमत्कारिक आहे. पोर्तुगीज अमदानीत ही जागा ख्रिस्ती पाद्र्यांच्या मठाची होती. मग इंग्रज गव्हर्नर तेथे राहू लागले. आणि १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीस त्याच वाड्यात पटकीने मृत्यू आल्यावर गव्हर्नरांनी तो सोडला. ज्या घरातून पटकीने लाटसाहेबांस हुसकून लावले, त्याच घरात पटकीवर लस काढणारा मनुष्य येऊन बसला!

आता तो अनर्थ. १९०२ साली पंजाबात प्लेगने थैमान मांडले आणि लशीची मागणी लाखांनी होऊ लागली. काम लवकर व्हावे म्हणून हाफकिन यांनी पाश्चर संस्थेच्या रीतीप्रमाणे कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल नावाच्या खेड्यात १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस दिलेल्या १९ जणांस धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. बाटली परळची, कृती नवी, आणि कर्ता परका. चौकशी नेमली गेली. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळासच, दूषित झाली असावी असा तिचा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले व १९०४ साली ते मान खाली घालून देश सोडून गेले.

वस्तुतः पुराव्यात दुसरीही बाजू होती, पण तिकडे कोणी नीट पाहिले नाही. इतर बाटल्यांतील लस घेतलेली ८८ माणसे धडधाकट होती. ती बाटली भरून एकेचाळीस दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस रसात वाढत असते, तर बूच काढताच दुर्गंधी सुटली असती. तशी ती सुटल्याचे आढळले नव्हते. आणि त्या दिवशी बूच काढावयाचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. धनुर्वाताच्या जंतूंचे घर म्हणजे माती, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक असते. इंग्लंडात प्राध्यापक सिम्प्सन यांनी हा प्रश्न हाती घेतला. हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनीही त्यांचा पक्ष उचलला, आणि जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांच्यावरील कलंक धुऊन निघाला. पाच वर्षे लागली!

हाफकिन हिंदुस्थानात परत आले. परंतु परळची जागा त्यांस पुन्हा मिळाली नाही. कलकत्त्यास एका लहान प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली. नव्या लशींचे प्रयोग माणसांवर करण्याची मोकळीक तेथे नव्हती. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी सेवानिवृत्ती पत्करली. ज्या मनुष्याने चाळिशीच्या आतच दोन महारोगांवर लशी दिल्या, त्याच्या हातून पुढच्या काळात आणखी काय घडले असते हा विचार मनात येऊन खेद होतो. त्यांनी विवाह केला नव्हता. उत्तरायुष्यात ते फ्रान्समध्ये व नंतर स्वित्झर्लंडातील लोझान येथे राहिले, स्वधर्माच्या अध्ययनात रमले, आणि १९२९ साली आपली सारी पुंजी पूर्व युरोपातील ज्यू विद्यार्थ्यांच्या धार्मिक शिक्षणासाठी त्यांनी एका निधीच्या स्वाधीन केली.

तत्पूर्वी, १९२५ साली, परळच्या संशोधनशाळेस सरकारने हाफकिन संस्था असे नाव दिले. १८९७ पासून त्या वर्षापर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. आपल्या हयातीत आपले नाव त्या वास्तूस लागलेले हाफकिन यांस कळले. ती पुन्हा पाहण्याचा योग मात्र आला नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.